मुख्य धमनी बांधली, तरी गर्भाशय जगतं कसं?

सातवा महिना लागला की घरातलं कुणीतरी सांगतंच, "उताणी झोपू नकोस, डाव्या कुशीवर झोप." आजी सांगते, सासू सांगते, दवाखान्यातल्या सिस्टरही सांगतात. पण डावीच कूस का, असं विचारलं तर नेमकं उत्तर क्वचित मिळतं. बाळाचं डोकं, हृदयाची जागा, पचन अशी काहीबाही कारणं पुढे येतात. खरं कारण पाठीच्या कण्याला लागून आहे, आणि ते समजून घ्यायचं तर ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांची मांडणी बघावी लागते.

ही मांडणी सामान्य वाचकाने समजून घ्यावी असं मला फार वाटतं. बाळंतपणातला रक्तस्राव, अपघातात मोडलेलं कंबरेचं हाड, पायात होणारी रक्ताची गाठ, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात जाणं हे सगळं वरवर वेगवेगळं दिसतं, पण घडतं याच जागेत. शिवाय गर्भाशय प्रत्यारोपणाची भारतातली पहिली शस्त्रक्रिया पुण्यात झाली. तिचं यशही शेवटी वीतभर जागेतल्या काही धमन्या आणि शिरा नीट जोडल्या जाण्यावर अवलंबून होतं.

नाभीमागचा फाटा

हृदयातून निघालेली महाधमनी कण्याच्या पुढून, किंचित डाव्या अंगाने खाली येते. नाभीच्या साधारण पातळीवर, कंबरेच्या चौथ्या मणक्यासमोर तिला दोन फाटे फुटतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. रक्त परत हृदयाकडे नेणारी महाशीर तिच्या शेजारूनच वर जाते, पण ती कण्याच्या उजव्या अंगाला असते. धमनीची भिंत जाड आणि आतला दाब मोठा, त्यामुळे ती सहज चेपत नाही. शिरेची भिंत पातळ आणि दाब अगदी कमी, म्हणून ती बाहेरच्या वजनाने लगेच दबते.

शेवटच्या महिन्यांत बाई उताणी झोपली की बाळ, पाणी आणि वार यांच्यासह गर्भाशयाचं सगळं वजन मागे कण्यावर येतं आणि उजवीकडची महाशीर चेपते. पायांकडून येणारं रक्त अडतं, हृदयाला परत मिळणारं रक्त घटतं, रक्तदाब उतरतो. काही जणींना घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. डाव्या कुशीला वळलं की वजन शिरेवरून सरकतं. सिझेरियनच्या टेबलावर उजव्या कुल्ह्याखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर सारतात, तीही याचसाठी. मात्र झोपेत पाठीवर वळलं गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. जाग आली की कुशीला वळावं. उजवी कूसही चालते. टाळायचं ते उताणं झोपणं.

याच फाट्यापाशी आणखी एक गोष्ट घडते. उजव्या पायाकडे जाणारी धमनी वाटेत डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला ओलांडते. डावी शीर मग पुढे धमनी आणि मागे कणा यांच्या बेचक्यात सापडते. बहुतेकांना आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही. पण गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठणारं झालेलं असतं, त्यात वरून गर्भाशयाचा भार. म्हणून गरोदर बाईच्या पायात रक्ताची गाठ झाली तर ती बहुतेक वेळा डाव्या पायात होते. दोन्ही पाय सारखे सुजणं गरोदरपणात नेहमीचं आहे. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं.

आतली आणि बाहेरची शाखा

कण्यासमोर फुटलेला प्रत्येक फाटा चार-पाच सेंटीमीटर पुढे गेला की पुन्हा दुभंगतो. बाहेरची शाखा जांघेतून पायात उतरते. जांघेत बोट ठेवलं की तिचीच नाडी लागते. आतली शाखा ओटीपोटात वळते. ती स्वतः जेमतेम चार सेंटीमीटर लांबीची, पण मूत्राशय, गर्भाशय, योनी, गुदाशयाचा भाग, कुल्ह्यांचे स्नायू आणि जननेंद्रियं यांना रक्त पुरवते. पुरुषांत गर्भाशयाच्या जागी प्रोस्टेट. बाकी आराखडा जवळपास तोच.

या आतल्या शाखेची एक उपशाखा मला सगळ्यांत विलक्षण वाटते. आईच्या पोटात असताना आपल्या प्रत्येकाचं रक्त तिच्यातूनच नाळेत आणि नाळेतून वारेकडे जात होतं. गर्भात ती चांगली जाड असते. जन्मानंतर नाळ कापली की तिचा पुढचा भाग बंद पडतो आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला एक पांढरट दोरी उरते. ही दोरी निरुपयोगी नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे सर्जन ती हळूच ओढतात आणि तिच्या मागाने आत जात गर्भाशयाची धमनी शोधून काढतात, कारण दोघींचं उगमस्थान शेजारी असतं.

गर्भाशयाची धमनी बाजूच्या भिंतीकडून आत येते आणि गर्भाशयाच्या मुखाजवळ पोचून वर वळते. त्या वळणाआधी, मुखापासून दीड-दोन सेंटीमीटरवर, तिच्या खालून मूत्रवाहिनी जाते, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ही जागा "पुलाखालचं पाणी" म्हणून पाठ करून घेतात. रक्तस्राव चालू असताना घाईत धमनी पकडायला गेलं की ही नळी चिमट्यात सापडू शकते. पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन इथे थांबून, नळी डोळ्यांनी पाहून मगच पुढे जातात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर धमनी थेट उगमापाशी बंद करून नळी पूर्ण मोकळी करावी लागते. पुण्याचे सर्जन डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याची पद्धत बसवली आणि 2007 मध्ये 248 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. वैद्यकीय साहित्यात ती "पुणे टेक्निक" या नावानेच नोंदली गेली आहे. पुण्यातल्या गर्भाशय प्रत्यारोपणाची पूर्वतयारी एका अर्थी तिथेच झाली होती.

वार सुटल्यावर

एरवी गर्भाशयाला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळतं. नऊ महिने भरताना हाच आकडा 500 ते 700 मिलिलिटरवर जातो. म्हणजे दर मिनिटाला दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीहून जास्त रक्त. बाळ बाहेर येतं, वार सुटते आणि वार जिथे चिकटलेली होती तिथल्या शंभराहून जास्त धमन्यांची तोंडं एकदम उघडी पडतात. हिशेब केला तर बाई दहा मिनिटांत रिकामी व्हायला हवी. तशी ती होत नाही.

याचं श्रेय गर्भाशयाच्या मधल्या थराला जातं. तिथले स्नायूंचे धागे आडवे-तिडवे विणलेले असतात आणि धमन्या त्यांच्या फटींमधून गेलेल्या असतात. वार सुटताच गर्भाशय आवळतं, तसे हे धागे प्रत्येक धमनीला चहूबाजूंनी पिळून बंद करतात. रक्त गोठण्याचं काम नंतर येतं. पहिला बांध स्नायूंचाच. बाळंतपणानंतर सिस्टर पोटावर हात ठेवून "पिशवी कडक झाली का" हे पुन्हा पुन्हा बघतात ते यासाठी. बाळ दूध ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, सुटतं आणि गर्भाशय आणखी आवळतं. पाजताना ओटीपोटात येणाऱ्या कळा त्याच्याच.

गर्भाशय सैल राहिलं तर हा बांध उभाच राहत नाही. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं हे सर्वांत मोठं कारण आहे आणि भारतात बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांत हा रक्तस्राव अजूनही आघाडीवर आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर 500 मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव मानतात. अडचण अशी, की चादरीवर, बादलीत, कपड्यांत मुरलेलं रक्त नजरेने मोजता येत नाही. अनुभवी डोळेही ते कमीच धरतात.

इथे बेळगावचं काम सांगायलाच हवं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह बाळंतिणीखाली अंथरायचा, खाली निमुळत्या पिशवीत रक्त जमा करणारा आणि मापाच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा कपडा वापरात आणला. त्याच्या मदतीने बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 स्त्रियांवर अभ्यास झाला आणि 2006 मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रसूती करत होत्या त्या गावपातळीवरच्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका. गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या न दिलेल्या गटात अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्के होतं, दिलेल्या गटात 6.4 टक्के. गोळी स्वस्त, तिला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. इतका साधा उपाय खेड्यात सिद्ध करून दाखवणं हे मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचं काम आहे, असं मी मानतो.

चौकट: बाळंतिणीच्या घरच्यांनी काय बघावं

• तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडत असतील.
• चक्कर, थंड घाम, छातीत धडधड, बोलण्यात गुंगी जाणवत असेल.
• घरी आल्यावर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, रक्त पुन्हा लाल आणि भरपूर जाऊ लागलं असेल.
• एकच पाय सुजून दुखत असेल, किंवा अचानक धाप लागत असेल.

यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा.

धमनी बांधली, तरी…

औषधं दिली, गर्भाशय चोळून कडक करण्याचा प्रयत्न केला, आत फुगा भरून दाब दिला, तरी रक्त थांबत नाही, अशी वेळ येते. तेव्हा सर्जन पोट उघडून दोन्ही बाजूंच्या आतल्या शाखा दोऱ्याने बांधतात. ओटीपोटाला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिन्याच बंद. मग गर्भाशय, मूत्राशय, कुल्हे यांचं काय होतं? बहुतेक वेळा काही होत नाही. इतकंच नव्हे, अशा शस्त्रक्रियेनंतर कित्येक स्त्रियांना पुढे पाळी नियमित आली आहे, दिवस राहिले आहेत, पूर्ण दिवसांची मुलं झाली आहेत.

अनंत चतुर्दशीला पुण्याचा लक्ष्मी रस्ता मिरवणुकीने भरून जातो. तरी नारायण पेठेतला माणूस बोळाबोळांतून, वाड्यांच्या मागून, हवं तिथे पोचतो. गाडी जात नाही, वेग राहत नाही, पण घरी दूध येतं. ओटीपोटातही असे बोळ आहेत. बीजकोशाची धमनी थेट महाधमनीतून, वर मूत्रपिंडाच्या जवळून निघते आणि खाली येऊन गर्भाशयाच्या धमनीला मिळते. कंबरेच्या मणक्यांच्या धमन्या, माकडहाडाकडे उतरणारी मधली धमनी, मोठ्या आतड्याकडून गुदाशयाला येणारी धमनी, या सगळ्यांचे जोड आतल्या शाखेच्या उपशाखांशी असतात. डावी-उजवीही एकमेकींना जोडलेली असते. मुख्य वाट बंद होताच काही मिनिटांतच या जोडांतून रक्त, कधी उलट्या दिशेने, वाहू लागतं.

मग बांधून उपयोग काय, असा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर अमेरिकेतले डॉक्टर बर्शेल यांनी 1960 च्या दशकात प्रत्यक्ष मोजमापं करून दिलं. दोन्ही बाजू बांधल्यावर पलीकडे रक्ताचा प्रवाह साधारण निम्म्यावर येतो, पण नाडीचा जोर, म्हणजे प्रत्येक ठोक्यासरशी येणारा धक्का, सुमारे 85 टक्क्यांनी घटतो. रक्त पोचत राहतं. मात्र ते धमनीसारखं उसळत नाही, शिरेसारखं संथ वाहतं. उसळत्या रक्तात गाठ धरत नाही, संथ रक्तात धरते. पेशी जिवंत ठेवण्याइतकं रक्त आणि गाठ धरू देण्याइतका संथपणा, दोन्ही एकाच वेळी साधतं.

करायला मात्र ही शस्त्रक्रिया सोपी नाही. धमनीला अगदी चिकटून मागे पातळ भिंतीची शीर असते. तिला टोक लागलं तर नवाच रक्तस्राव सुरू होतो. घाईत आतल्याऐवजी बाहेरची शाखा बांधली गेली तर पाय धोक्यात येतो. म्हणून गाठ मारण्यापूर्वी आणि नंतर पायाची नाडी लागते का हे तपासतात. आता मोठ्या शहरांत दुसरा मार्गही आहे. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत जायचं आणि तिथे बारीक कण सोडून ती आतून बंद करायची. याच तंत्राने गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठीही आटवता येतात. पण बाळंतीण रक्त गमावत असताना अशी सोय शेजारी असेलच असं नाही, आणि म्हणून तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरला दोऱ्याची ही शस्त्रक्रिया हातात असणं मला अतिशय महत्त्वाचं वाटतं.

शिरांचं जाळं

धमन्यांचा निदान नकाशा काढता येतो. ओटीपोटातल्या शिरा म्हणजे प्रत्येक अवयवाभोवतीची जाळी, माणसागणिक वेगळी. दुचाकीच्या अपघातात कंबरेचं हाड मोडतं तेव्हा आत जो भीषण रक्तस्राव होतो, तो बहुतांशी या शिरांतून आणि मोडलेल्या हाडातून होतो. एकेक शीर शोधून बांधणं अशक्य, म्हणून उपाय बाहेरून करतात. मांडीच्या हाडाचं वरचं टोक कुल्ह्याच्या बाजूला जिथे हाताला लागतं, त्या पातळीवर पट्टा किंवा घडी केलेली चादर घट्ट आवळतात. हाडांचा उघडलेला पिंजरा मिटतो, आतली जागा कमी होते आणि साठलेलं रक्तच शिरांवर दाब देऊ लागतं. पट्टा कंबरेवर नको, त्याहून खाली हवा. तो वर बांधला तर काम करत नाही.

यातल्या पुष्कळ शिरांना झडपा नसतात. पायातल्या शिरांत रक्त उलटं जाऊ नये म्हणून झडपा असतात. इथे खोकलं, कुंथलं की रक्त मागेही सरकू शकतं. प्रोस्टेटभोवतीची जाळी मणक्यांभोवतीच्या शिरांना जोडलेली आहे, हे ऑस्कर बॅटसन यांनी 1940 मध्ये दाखवलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण कधी कधी न थांबणारं पाठीचं दुखणं असतं, त्यामागची एक वाट ही आहे.

आणि बायकांचं एक दुखणं, ज्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं. दोन-तीन बाळंतपणं झालेली बाई सांगते की दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी ओटीपोट जड होतं, ओढ लागते, आडवं पडलं की बरं वाटतं. सोनोग्राफीत "काही नाही" येतं आणि तिला कुरकुरी ठरवलं जातं. पुष्कळदा बीजकोशाच्या शिरा बाळंतपणांत फुगून तशाच राहिलेल्या असतात. डावीकडे हे जास्त दिसतं, कारण डाव्या बीजकोशाची शीर महाशिरेत न उघडता वर मूत्रपिंडाच्या शिरेत काटकोनात मिळते. निदान रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीने होऊ शकतं, उपचारही आहेत. दुखणं खरं आहे, हे आधी मान्य व्हायला हवं.

एरंडवण्यातली शस्त्रक्रिया

18 मे 2017 रोजी पुण्यात एरंडवण्यातल्या गॅलक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. पुणतांबेकर यांच्या पथकाने भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं आणि दुसऱ्याच दिवशी दुसरं. दोन्ही वेळा गर्भाशय दिलं ते आईने मुलीला. या दोघींपैकी गुजरातमधल्या महिलेला 18 ऑक्टोबर 2018 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, सिझेरियनने मुलगी झाली; वजन 1450 ग्रॅम. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेलं ते आशियातलं पहिलं बाळ. ज्या गर्भाशयात आई वाढली त्याच गर्भाशयात तिची मुलगी वाढली.

गर्भाशय शरीराबाहेर काढलं की वर सांगितलेले सगळे पर्यायी मार्ग तुटतात. बीजकोशाकडून, कंबरेकडून, गुदाशयाकडून येणारं काहीच उरत नाही. मुलीच्या शरीरात ते जगणार ते केवळ हाताने जोडलेल्या मोजक्या वाहिन्यांवर. म्हणून दात्याकडून धमनी लांब घ्यावी लागते, शक्यतो आतल्या शाखेचा तुकडा धरून, आणि ती मुलीच्या पायाकडे जाणाऱ्या बाहेरच्या शाखेला बाजूने शिवतात. प्रत्यारोपणाचं मूत्रपिंडही पाठीत न बसवता जांघेच्या वर याच वाहिन्यांवर बसवतात. वाहिनी मोठी, वरवर असलेली आणि पायाचं रक्त न तोडता वाटा देऊ शकणारी.

या जोडलेल्या वाहिन्यांत रक्ताची गाठ झाली तर सगळं संपतं. सौदी अरेबियात जेद्दा इथे 2000 मध्ये झालेल्या प्रत्यारोपणातलं गर्भाशय 99 दिवसांनी काढावं लागलं, वाहिन्यांत रक्त गोठल्यामुळे. स्वीडनमध्ये मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम यांच्या पथकाने केलेल्या पहिल्या नऊ प्रत्यारोपणांतली दोन गर्भाशयं गेली, त्यांतल्या एकात कारण हेच. त्याच पथकाच्या हाती सप्टेंबर 2014 मध्ये जगातलं असं पहिलं बाळ आलं.

धमनीपेक्षा शीर अवघड. गर्भाशयाच्या शिरा बारीक, पातळ आणि मूत्रवाहिनीला वरून-खालून वेढा घातलेल्या. त्या अखंड सोडवायच्या म्हणून स्वीडनमध्ये दात्यांच्या शस्त्रक्रिया दहा तासांहून अधिक चालत. पुण्यात दात्याचं गर्भाशय दुर्बिणीच्या मदतीने मोकळं केलं, आणि दाता आईला त्याहून कितीतरी कमी वेळ टेबलावर राहावं लागलं. रक्त परत नेण्यासाठी एक सोपी वाट सर्जनांना दिसते ती बीजकोशाच्या शिरेची. लांब, रुंद, मूत्रवाहिनीच्या त्या गुंत्यापासून दूर. पण ती पूर्ण घेतली तर दात्याचा बीजकोश राहीलच असं नाही. पाळी गेलेल्या आईच्या बाबतीत हा प्रश्न फारसा टोचत नाही. दाता पस्तिशीची बहीण असेल, तर सर्जनला मूत्रवाहिनीभोवतीच्या त्या बारीक शिरांकडेच वळावं लागतं, आणि तिला भूल देण्यापूर्वी हे सगळं तिच्यापुढे मांडावं लागतं.